फेअरबँक्सचा पहिला हिवाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलास्कातल्या फेअरबँक्सला कुणी विद्यापीठात शिकायला येतं, कुणी नोकरीवर, कुणी लष्करी तळावरच्या बदलीमुळे. प्रश्न मात्र सगळ्यांचे बहुतेक तेच असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि आडवळणाचे नंतर. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे. गावात फॅरनहाइट चालतं, त्याचा हिशेब प्रश्न 3 मध्ये दिला आहे.

1. नेमकी किती थंडी पडते?

जानेवारीचं सरासरी तापमान उणे 22 च्या आसपास असतं. पण सरासरीवर विसंबू नका. त्याच महिन्यात एक आठवडा उणे 10 चा जातो आणि दुसरा उणे 40 चा. गावातला नोंदलेला नीचांक उणे 54 आहे, 14 जानेवारी 1934 चा. अख्ख्या अलास्काचा नीचांक उणे 62, तो आणखी उत्तरेला प्रॉस्पेक्ट क्रीक इथे 23 जानेवारी 1971 रोजी नोंदला गेला.

उणे 40 पूर्वीइतकं वरचेवर येत नाही. तयारी मात्र त्याचीच करायची. उणे 25 पर्यंत अर्धवट तयारीही खपून जाते. घर, गाडी आणि कपडे यांत काय राहून गेलंय ते उणे 40 ला एकाच सकाळी कळतं. त्यामुळे "थंडी सोसेल का?" या प्रश्नात फार गुंतू नका. सोसते, सगळ्यांना सोसते. गाडी सुरू होईल का, हा खरा प्रश्न (8 ते 12 पाहा).

2. अलास्कातली किनाऱ्यावरची गावं एवढी गार नसतात. मग फेअरबँक्सच का?

समुद्र लांब आहे आणि दक्षिणेला अलास्का रेंजची भिंत आहे, त्यामुळे समुद्रावरची ऊबदार हवा इथवर क्वचितच पोचते. शिवाय गाव खोऱ्यात बसलंय, तीन बाजूंना टेकड्या. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की जमीन दिवसा तापतच नाही आणि निरभ्र रात्री उष्णता सोडत राहते. गार हवा जड असते, ती तळाशी साचते. वारा नसल्यामुळे तिला ढवळणारं कुणी नाही.

परिणाम असा की टेकडीवर चढलं की थंडी कमी होते. खाली उणे 40 असताना चेना रिज किंवा एस्टर डोमवर दहा-पंधरा अंशांनी जास्त तापमान असणं अगदी नेहमीचं आहे. उलट गोल्डस्ट्रीमसारख्या खोलगट भागात विमानतळापेक्षाही गार. घर भाड्याने घेताना लोक खोल्या आणि स्वयंपाकघर बघतात; घर खोऱ्यात आहे की चढावर, हे विचारत नाहीत. आधी तेच विचारा. चढावरच्या घराचा रस्ता मात्र निसरडा असतो, हेही धरून चाला.

3. रेडिओवर "वीस खाली" म्हणतात म्हणजे किती?

फॅरनहाइट. 0 फॅरनहाइट म्हणजे उणे 18, उणे 20 म्हणजे उणे 29 आणि उणे 40 म्हणजे उणे 40 च. दोन्ही मोजपट्ट्या तिथे एक होतात. विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ तापमान दाखवणारा फलक आहे. त्यावर उणे 40 उमटलं की पोहण्याच्या कपड्यांत त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढण्याची प्रथा आहे. ऐच्छिक आहे.

4. सूर्य महिनोन्‌महिने उगवतच नाही, खरं का?

फेअरबँक्समध्ये नाही. गाव आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे 200 किलोमीटर दक्षिणेला आहे. सगळ्यात लहान दिवस, 21 डिसेंबरच्या सुमाराचा, 3 तास 42 मिनिटांच्या आसपास असतो. सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या आत मावळतो. भर दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर असतो, म्हणजे उगवतीचा प्रकाशच मावळतीपर्यंत टिकतो. आधी आणि नंतर तासाभराहून जास्त संधिप्रकाश असतो, तो धरला तर दिवस अगदी काळोखाचा नसतो.

त्रास डिसेंबरात होतोच असं नाही. अनेकांना तो जानेवारीच्या शेवटी होतो: झोप वेळी-अवेळी, कामात लक्ष नाही, उगाच चिडचिड. सकाळी वीस-तीस मिनिटं 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्या. आणि दुपारच्या सुट्टीत बाहेर पडा, मग तापमान काहीही असो. फेब्रुवारीच्या मध्यापासून दिवस रोज जवळपास सात मिनिटांनी वाढतो, तेव्हा फरक आठवड्याभरात डोळ्यांना दिसतो.

5. कपडे काय घ्यायचे? आणि इथे येण्याआधी घ्यायचे का?

जाड जॅकेट येण्याआधी घेऊ नका. इतर शहरांत "आर्क्टिक" म्हणून जे विकतात ते बहुतेक उणे 20 चं असतं. फेअरबँक्समध्ये उतरून घ्या. वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत चांगला माल मिळतो, कारण इथून दरवर्षी लोक बदली होऊन जातात आणि जाड कपडे मागे ठेवून जातात.

अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक थर्मल. सुती नको: सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबल्याबरोबर अंग गार पडतं. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर मांडीपर्यंत येणारा पिसांचा पार्का. टोपी कान झाकणारी हवी. बोटांचे हातमोजे उणे 20 पर्यंत ठीक. त्याखाली चारही बोटं एका कप्प्यात राहतील असे मिटन, आणि आत पातळ हातमोजे, म्हणजे किल्ली काढताना कातडी उघडी पडत नाही. बूट एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे कोंबून घट्ट बसलेल्या बुटापेक्षा एक मोजा आणि थोडी मोकळी हवा जास्त ऊबदार.

धातूच्या काड्यांचा चष्मा आणि कानातले उणे 30 च्या पुढे टोचायला लागतात. दागिने घरी ठेवा, चष्म्याचं प्रश्न 20 मध्ये.

6. ते पांढरे फुगीर बूट लागतातच का?

बनी बूट म्हणतात त्यांना. अमेरिकी लष्करासाठी बनलेले, रबराच्या दोन थरांमध्ये हवा कोंडलेली, उणे 54 पर्यंतचे. तासन्‌तास बाहेर उभं राहायचं असेल तर त्यांना तोड नाही. गाडीतून उतरून ऑफिसात शिरणाऱ्याला गरज नाही, आणि पाय आतून घामाने ओले होतात. त्यांच्या बाजूला एक छोटी झडप असते. ती विमानात दाब सांभाळण्यासाठी आहे. जमिनीवर बंदच ठेवायची.

7. उणे 40 ला श्वास घेता येतो का? हिमदंश किती लवकर होतो?

श्वास घेता येतो. पहिल्या श्वासाला नाकातले केस कडक होतात आणि हटकून खोकला येतो. पापण्यांवर आणि मफलरवर वाफेचं दव गोठतं. चालणं ठीक, दम लागेल असं धावणं टाळा, दमा असेल तर नक्कीच.

हिमदंश उघड्या कातडीला काही मिनिटांत होऊ शकतो. आधी नाकाचा शेंडा, गाल, कानाच्या पाळ्या, बोटं. दुखणं थांबून जागा बधिर झाली आणि पांढरट, मेणासारखी दिसू लागली की आत जा. स्वतःच्या गालावरचा डाग स्वतःला दिसत नाही, म्हणून सोबतच्या माणसाच्या चेहऱ्याकडे मधून मधून बघायची इथे रीत आहे. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका, शेगडीसमोर धरू नका: बधिर कातडी भाजलेली कळत नाही. 37 ते 39 अंशांचं पाणी वापरा. आणि एक महत्त्वाचं: पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तिथल्या तिथे वितळवू नका, आधी सुरक्षित जागी पोचा. फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही तर दवाखाना, तातडीला 911.

8. गाडीच्या पुढून तीन पिनांचा प्लग लोंबतोय. ती इलेक्ट्रिक गाडी आहे का?

नाही. ती पेट्रोलचीच आहे आणि फेअरबँक्सची आहे. इथे गाडीला "विंटराइज" करून घेतात. त्यात साधारण तीन गोष्टी येतात: इंजिनमधलं कूलंट गरम ठेवणारा ब्लॉक हीटर, ऑइल पॅनला चिकटवलेली गरम पट्टी आणि बॅटरीखाली किंवा भोवती गरम गादी. तिन्हींच्या वायरी एकत्र करून एक प्लग जाळीतून बाहेर काढतात. घराबाहेरच्या सॉकेटला तो जोडला की इंजिन सुरू होण्याइतकं ऊबदार राहतं.

हे न करता उणे 35 ला चावी फिरवली तर काय होतं? ऑइल मधासारखं घट्ट झालेलं असतं, बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली आलेली असते, आणि स्टार्टर एकदा कण्हून गप्प होतो. क्वचित इंजिन सुरू होतंही, पण पहिली काही मिनिटं ऑइल वरपर्यंत पोचत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. ते नुकसान लगेच दिसत नाही.

गाडी दक्षिणेकडून आणत असाल तर हे काम सप्टेंबरात उरकून घ्या. ऑक्टोबर उजाडला की गॅरेजवाल्यांकडे रांगा लागतात. सोबत सिंथेटिक ऑइल भरून घ्या, 0डब्ल्यूने सुरू होणारं (तुमच्या इंजिनला कुठलं चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघून). बॅटरी जुनी असेल तर आत्ताच बदला.

9. प्लग कधी आणि किती वेळ लावायचा? रात्रभर?

उणे 18 च्या खाली लावायला सुरुवात करा. उणे 29 च्या खाली टाळू नका. रात्रभर गरज नसते. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, म्हणून बाहेर वापरायचा टायमर घ्या. तिन्ही मिळून 1,000 वॉट धरले तर दहा तासांत 10 युनिट जळतात, चार तासांत 4. हिवाळाभराचा फरक बिलात जाणवतो. कडाक्याच्या थंडीत मात्र टायमर थोडा आधी सुरू करा.

एक्स्टेन्शन वायर साधी चालत नाही. उणे 30 ला तिचं प्लॅस्टिक काठीसारखं ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं. थंडीसाठीची मऊ वायर मागा.

कामाच्या ठिकाणच्या पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट असतात. ते अनेक ठिकाणी ठरावीक तापमानाखालीच चालू होतात किंवा आलटून पालटून चालतात. वायर जोडल्यावर हीटरचा बारीक खळखळाट ऐकू येतोय का बघा. नुसता प्लग खोचलाय म्हणजे वीज आली असं नाही.

निघताना प्लग काढा. सांगायची गरज वाटत नाही, पण जानेवारीत रस्त्यावर वायर फरफटवत जाणाऱ्या गाड्या दिसतात.

10. गाडी सुरू झाली, पण चाकं चौकोनी असल्यासारखी धडधडतात. बिघडली का?

चाकं खरंच थोडी चपटी झालेली असतात. रात्रभर एका जागी उभ्या गाडीखालचं रबर त्याच आकारात गोठतं. दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, गोल होतात.

हवा मात्र तपासा. दर 5-6 अंशांच्या घसरणीला टायरमधला दाब साधारण 1 पीएसआय उतरतो. 20 अंशांच्या गॅरेजात भरलेली हवा उणे 40 ला दहा-अकरा पीएसआयने कमी दाखवते. हिवाळी टायर लागतातच. खिळ्यांचे टायर इथे 16 सप्टेंबर ते 30 एप्रिल वापरता येतात. ते घ्यावेत का, यावर गावात दोन तट आहेत. माझं मत, चढावर घर असेल तर घ्या.

11. दुकानाबाहेर गाड्या सुरूच ठेवून लोक आत जातात. हे चालतं?

उणे 35 च्या पुढे सर्रास दिसतं. तासाभरात इंजिन गार होतं आणि प्रत्येक पार्किंगमध्ये सॉकेट नसतो. रिमोटने सुरू होणारी यंत्रणा बसवली असेल तर गाडी कुलूपबंद राहूनही सुरू राहते, नाहीतर लोक दुसरी किल्ली जवळ ठेवतात. बंद गॅरेजात मात्र एक मिनिटही सुरू ठेवू नका, दार उघडं असलं तरी नको: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. या धुराचं पुढे काय होतं ते प्रश्न 16 मध्ये.

12. कूलंट गोठू नये म्हणून पाणी न घालता निव्वळ अँटिफ्रीझ भरलं तर?

उलटं होईल. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल साधारण उणे 13 लाच गोठायला लागतं. पाणी मिसळल्यावर गोठणबिंदू खाली जातो: निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 पर्यंत टिकतं. इथे ते थोडं कमी पडतं, म्हणून अँटिफ्रीझचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. गॅरेजात तपासून घ्या.

काच धुण्याचं पाणीही बघा. बाटलीवर उणे 29 लिहिलं असेल आणि बाहेर उणे 38 असेल, तर फवारा उडवताच काच आंधळी होते. त्या थंडीत फवारा वापरूच नका. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, म्हणजे आत दव धरून पाईपमध्ये बर्फ होणार नाही.

13. घरात नाकातून रक्त येतं, कशालाही हात लावला की झटका बसतो. काय चुकतंय?

काही नाही, हवा कोरडी आहे. उणे 40 च्या हवेत बाष्प जवळपास नसतंच. तीच हवा घरात येऊन 20 अंशांना तापली की आर्द्रता खूप खाली जाते. ह्युमिडिफायर लावा, नाकात सलाइनचा फवारा मारा, आंघोळीनंतर लगेच मलम लावा.

पण ह्युमिडिफायर जोरात चालवू नका. खिडकीच्या आतल्या कडेला बर्फाचा जाड ओठ तयार झाला की समजा, जास्त होतंय. तेच पाणी वितळून भिंतीत मुरतं आणि वसंतात बुरशी निघते. कडाक्यात आर्द्रता 30 टक्क्यांच्या खालीच ठेवलेली बरी.

14. घर कशावर गरम होतं, आणि वीज गेली तर?

बहुतेक घरं हीटिंग ऑइलवर. बाहेरच्या टाकीसाठी "1 नंबर"चं तेल घेतात. 2 नंबरचं स्वस्त पण थंडीत गोळा होतं आणि पाईप तुंबतो. टाकीतली पातळी स्वतः बघायची सवय लावा. ती रिकामी पडते तेव्हा नेमकी कडाक्याची थंडी असते, कारण तेव्हाच तेल जास्त जळतं.

तेलाच्या शेगडीलाही वीज लागते. वीज गेली की पंखा आणि पंप बंद. म्हणून लोक लाकडाची शेगडी किंवा जनरेटर ठेवतात. प्रोपेनवर भिस्त ठेवणार असाल तर लक्षात घ्या, प्रोपेन उणे 42 ला उकळतं. त्याहून गार झालं की टाकीत ते द्रवच राहतं आणि बर्नर पेटत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा हवा.

15. भाडं कमी आहे, पण जाहिरातीत "ड्राय केबिन" लिहिलंय. दारूबंदी आहे का?

पाणीबंदी आहे. नळ नाही, संडास बाहेर. विद्यार्थ्यांमध्ये हा प्रकार लोकप्रिय आहे. वर्षभर गोठलेल्या जमिनीत विहीर आणि सांडपाण्याची टाकी बसवणं महाग पडतं, म्हणून अशी घरं स्वस्त.

पाणी सुमारे 19 लिटरच्या कॅनमधून आणायचं, आंघोळ विद्यापीठात किंवा लाँड्रीत, सिंकखाली बादली. बादली भरायच्या आत ओतायला विसरलात तर काय होतं ते सांगायला नको. बाहेरच्या संडासाचं भय मात्र उगाच आहे. तिथे बसायला प्लॅस्टिक नसतं, भिंतीत घालायच्या निळ्या फोमच्या जाड पाटीत गोल भोक कापलेलं असतं. फोम अंगातली उष्णता ओढून घेत नाही, त्यामुळे उणे 40 लाही टेकल्याबरोबर गार लागत नाही. काही जण ती पाटी घरात ठेवतात आणि जाताना बगलेत घेऊन जातात.

कमी भाडं बघून लगेच हो म्हणू नका. गाडी नसेल तर पाणी आणणं जमत नाही, हा माझा ठाम सल्ला.

16. आइस फॉग म्हणजे साधं धुकंच ना?

नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला हा फरक कळायला हवा. उणे 35-40 च्या हवेला बाष्प जवळपास पेलतच नाही. गाड्यांच्या धुरातलं, चिमण्यांतलं, वीजकेंद्रातलं बाष्प बाहेर पडताक्षणी बर्फाचे सूक्ष्म कण होतं आणि तळाच्या गार हवेत (प्रश्न 2) अडकून राहतं. म्हणजे हे धुकं गाव स्वतःच तयार करतं. रस्त्यांवर, चौकांत सगळ्यात दाट. गावाबाहेर पडलं की निरभ्र.

चौकात पुढची गाडी थांबली की तिच्या धुराच्या ढगात तिचेच मागचे दिवे बुडतात. अंतर दुप्पट ठेवा, दिवे पूर्ण चालू ठेवा. फक्त दिवसाचे आपोआप लागणारे दिवे पुरत नाहीत, कारण अनेक गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे लागत नाहीत.

17. घरात लाकडाची शेगडी आहे, मग हवी तेव्हा पेटवू का?

नाही. साचलेल्या हवेत लाकडाचा धूरही साचतो. फेअरबँक्स आणि शेजारच्या नॉर्थ पोल नावाच्या गावाचा परिसर 2009 पासून केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या यादीत आहे, बारीक धूलिकणांची मर्यादा ओलांडणारा म्हणून. हवा बिघडली की राज्याचा पर्यावरण विभाग इशारा देतो आणि ठरावीक भागात लाकूड जाळायला बंदी येते. दुसरं साधनच नसेल तर सवलत मिळू शकते, पण तिचा अर्ज आधी करावा लागतो. वीज गेल्याच्या प्रसंगाचे नियमही तेव्हाच विचारून ठेवा.

लाकूड वाळलेलं हवं, ओल 20 टक्क्यांच्या आत. ओलं लाकूड स्वतःतलं पाणी उकळण्यातच बरीच धग घालवतं.

18. एवढ्या थंडीत शाळा बंद असतात का?

थंडीसाठी नाही. साधारण उणे 29 पर्यंत मुलं मधल्या सुट्टीत बाहेर खेळतात. त्याखाली सुट्टी आत. घराच्या दारापासून गाडीपर्यंतच जायचं असलं तरी मुलाला पूर्ण कपडे घालून पाठवा. बस वाटेत बंद पडू शकते. शाळा खऱ्या अर्थाने बंद पडते ती पुढच्या प्रश्नातल्या कारणाने.

19. तापमान शून्यावर जाणार असा अंदाज आहे. आता हायसं वाटायला हरकत नाही ना?

नवख्याला हायसं वाटतं, जुन्याला धास्ती. उणे 30 चा दाबलेला बर्फ खरखरीत असतो, त्यावर टायर आणि बूट पकड घेतात. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर येतो. आणि पाऊस पडला तर कठीण: जमीन खोलवर गोठलेली असते, पडणारा थेंब जागीच बर्फ होतो. नोव्हेंबर 2010 मध्ये असं झालं, डिसेंबर 2021 मध्ये त्याहून वाईट. त्या वर्षी 26 डिसेंबरला पाऊस आणि जड हिमवृष्टी एकामागून एक आली, वीज गेली, काही छपरं कोसळली आणि रस्त्यावरचा बर्फाचा पत्रा वसंतापर्यंत निघाला नाही.

मीठ टाकून तो का काढत नाहीत, हा पुढचा प्रश्न असतो. साधं मीठ उणे 10 च्या खाली फारसं काम करत नाही. म्हणून खडी टाकतात, आणि तिने काचा फुटतात. इथल्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर भेग नसली तरच नवल.

अशा दिवशी बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा आणि बाहेर पडणं टाळता येत असेल तर टाळा.

20. बाहेर फोन बंद पडतो, आत आल्यावर चष्मा पांढरा होतो. उपाय?

फोन आतल्या खिशात, अंगालगत. बॅटरी मेलेली नसते, गारठलेली असते. ऊब मिळाली की परत येते, पण गार असताना चार्जिंगला लावू नका. कॅमेरा घरात आणण्याआधी बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग दव पिशवीवर धरतं. चष्म्याला उपाय नाही. दारात दोन मिनिटं आंधळ्यासारखं उभं राहायचं. धातूऐवजी प्लॅस्टिकची काडी घ्या, एवढंच.

21. उकळतं पाणी हवेत उडवलं की ढग होतो, करून बघू?

उणे 30 च्या खाली जमतं. वाऱ्याकडे पाठ करा, डोक्यावरून सरळ वर उडवू नका, आणि जवळ कुणी नको. दर वर्षी लोक यात भाजतात, तेही थंडीने नव्हे.

22. चेना नदी गोठलीय, त्यावरून चालत जाऊ का?

गावातल्या पट्ट्यात नको. वीजकेंद्राच्या ऊबदार पाण्यामुळे तिथे नदीचा काही भाग उणे 40 लाही उघडा राहतो आणि त्याच्या कडेचा बर्फ पातळ असतो. तिथे हिवाळाभर बदकं दिसतात. बदकं पोहताहेत तिथे आपण चालू नये. गावाबाहेर नदीवर स्नोमशीन (बर्फावर चालणाऱ्या मोटारी) आणि कुत्र्यांच्या गाड्यांच्या वाटा पडतात, पण त्यांवरही पहिल्यांदा जाणाऱ्याने माहीतगारासोबत जावं.

23. अँकरेजला गाडीने जायचंय. थंडीत निघावं का?

सुमारे 580 किलोमीटर, मध्ये लांब पट्ट्यांत ना वस्ती ना फोनचा सिग्नल. रस्त्याची स्थिती 511 या रस्त्यांच्या माहितीसेवेवर मिळते. गाडीत स्लीपिंग बॅग, पूर्ण कपडे, फावडं, बॅटरीला झटका देणाऱ्या वायरी, टॉर्च, खायला आणि मेणबत्ती-काडेपेटी ठेवा. कपडे अंगावर नसले तरी गाडीत हवेत. टी-शर्टवर हीटर लावून जाणारे बरेच असतात. बंद पडलात तर गाडी सोडू नका. इंजिन चालवणार असाल तर आधी धूर सोडणारी मागची नळी बर्फात बुडाली नाही ना बघा. अंधारात मूस (प्रचंड आकाराची हरणं) रस्त्यावर येतात, खोल बर्फापेक्षा त्यांनाही साफ केलेला रस्ता सोयीचा वाटतो. मूस रस्ता ओलांडताना दिसला तर मागे पिल्लू असेल असं धरा.

उणे 40 चा अंदाज असेल तर एक दिवस थांबा. थांबता येत नाही असं फारच थोड्या कामांचं असतं.

24. हिवाळा संपतो कधी?

बर्फ ऑक्टोबरात बसतो आणि बहुतेक एप्रिलमध्ये जातो. मार्च महिना उत्तम: ऊन भरपूर, बर्फ शाबूत, आणि रात्री अजून काळोख असल्यामुळे ध्रुवीय प्रकाशही दिसतो (त्याचा हंगाम 21 ऑगस्ट ते 21 एप्रिल धरतात). मग ब्रेकअप येतो, म्हणजे नद्यांवरचा बर्फ फुटण्याचा काळ. नेनाना गावी टनाना नदीवर लाकडी तिपाई उभी करून ती कधी हलेल यावर 1917 पासून पैजा लागतात. गाव मात्र त्या दिवसांत चिखल, खडी आणि बर्फाखाली हिवाळाभर दडलेल्या कुत्र्यांच्या विष्ठेने भरलेलं असतं. पाहुण्यांना एप्रिलमध्ये बोलावू नका.

25. डिसेंबरात तीन आठवडे गावाला जायचंय. घर आणि गाडीचं काय करू?

गाडी विमानतळावर सोडणार असाल तर सॉकेट असलेली जागा मिळते का आधी विचारा. नाहीतर घरीच ठेवा, बॅटरी काढून आत आणा आणि परतल्यावर गाडी सुरू करण्याआधी चार-पाच तास प्लग लावा. तोवर टायर चपटे झालेले असतील (प्रश्न 10).

घराची काळजी जास्त. शेगडी बंद पडली तर काही तासांत पाईप गोठतात, फुटतात, आणि ते कळतं तुम्ही परतल्यावर. हीटर बंद करू नका, 13-15 अंशांवर ठेवा. मुख्य नळ बंद करून पाईप रिकामे करा. तेलाची टाकी भरून जा. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे भिंतीकडच्या पाईपांना ऊब लागते. मग बाजारात मिळणारा थंडीचा स्विच घ्या: घरातलं तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं की त्याला जोडलेला दिवा पेटतो. लाल दिवा रस्त्याकडच्या खिडकीत लावा, शेजाऱ्याला किल्ली द्या आणि दिवा दिसला तर कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून द्या. भाड्याच्या घरात घरमालकाला हे सगळं आधी लेखी कळवा. पाईप फुटले तर खर्च कुणाचा, हे करारात कुठे लिहिलंय तेही निघण्यापूर्वी वाचून घ्या.